तेलाची माती

ताश्कंदच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं डब्याचं झाकण काढलं, आत बोट घातलं, ते नाकाशी नेलं आणि हिंदुराव साळोख्यांकडं बघितलं. डबा तुपाचा होता, पण आत तांबडी माती होती. कोल्हापूरच्या चिंचबन तालमीच्या हौद्यातली, म्हणजे पैलवान ज्या आखाड्यात कुस्ती धरतात तिथली. तीळतेल, ताक, लिंबू आणि हळद घालून महिनाभर मुरवलेली.

कानातल्या दुभाषी यंत्रातून प्रश्न आला, हे कशासाठी?

"पायाला लावायला," हिंदुराव म्हणाले.

"लावल्यानं काय होतं?"

"पाय ऐकतात."

अधिकारी हसला आणि त्यानं शिक्का मारला. डबा परत पिशवीत गेला. हिंदुरावांनी पिशवीची गाठ दोनदा मारली. ही माती त्यांच्या बायकोनं, वैजयंतानं चाळलेली शेवटची माती होती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

कोल्हापुरात तालीम म्हणजे आत कुस्ती आणि बाहेर फुटबॉल. दर पेठेची तालीम, दर तालमीचा संघ आणि संघासंघांत अशी ईर्षा, की सामन्याच्या दिवशी सख्खे साडू बोलत नाहीत. हा फुटबॉल शंभर वर्षं कोल्हापूरच्या वेशीबाहेर फारसा गेला नव्हता. मग जागतिक क्लब अजिंक्यपदाचा नियम बदलला. पैशावाल्या क्लबांनी जगभरातले खेळाडू गोळा करून स्पर्धेची मजा घालवली होती, म्हणून नवा नियम आला. अकरांपैकी आठ खेळाडू क्लबच्या मैदानापासून वीस किलोमीटरच्या आत जन्मलेले हवेत. या नियमानं मोठमोठे क्लब घरी बसले आणि चिंचबन तालमीचे तर अकराच्या अकरा एकाच सरकारी दवाखान्यात जन्मलेले निघाले.

पात्रता फेऱ्या संपल्या तेव्हा ताश्कंदला जाणाऱ्या जगातल्या बत्तीस क्लबांत चिंचबन तालीम होती. खालच्या पेठेच्या तालमीनं, जिचं नावही चिंचबनात घेत नाहीत, त्यांना निरोपाला मिरवणूक काढून दिली आणि वर बजावलं की हरून आलात तर रंकाळ्यावरनं पुढं यायचं न्हाई.

स्पर्धेत दुसरी नवी गोष्ट होती ती म्हणजे पट्टी. प्रत्येक खेळाडूच्या पोटरीला आणि टाचेच्या वरच्या बाजूला एक पातळ पट्टी लावायची. सामन्याआधी तासभर आणि सामनाभर ती पायाचं भविष्य सांगायची. म्हणून चिंचबनची पोरं तिला ज्योतिषी म्हणत.

प्रशिक्षक शर्वरी मोहिते यांनी पट्टीचं शास्त्र संघाला तालमीच्या कट्ट्यावर बसून समजावलं होतं. शर्वरीताई स्वतः देशाच्या संघातून खेळलेल्या, परदेशात शिकून आलेल्या. त्यांनी सांगितलं, की रक्ताला लाल रंग येतो तो त्यातल्या लोखंडामुळं. हे लोखंड प्राणवायू धरून ठेवतं. पट्टीतून डोळ्याला न दिसणारे दोन प्रकारचे प्रकाश पायात शिरतात. प्राणवायूनं भरलेलं ताजं रक्त एका प्रकाशाला जास्त शोषतं, शिळं रक्त दुसऱ्याला. जो प्रकाश उरून परत येतो त्यावरून पट्टीला कळतं की पायात ताजं रक्त किती आणि शिळं किती. स्नायू किंवा शीर फाटायच्या आधी तिथं बारीक बारीक चिरा पडतात, रक्त तुंबतं, शिळं होतं. माणसाला दुखायला लागायच्या आधी अर्धा तास पट्टीला ते दिसतं. हिरवी पट्टी म्हणजे खेळा. पिवळी म्हणजे सांभाळा. लाल म्हणजे मैदानाबाहेर, आणि त्यावर दाद नाही.

पट्टी खरी होती यात शंका नाही. आदल्या वर्षी, पहिल्याच स्पर्धेत, तिनं तीसचाळीस पोरांचे पाय वाचवले. ब्राझीलच्या एका क्लबचा कर्णधार उपांत्यपूर्व सामन्यात लाल पट्टीनं बाहेर गेला. त्यानं शिव्या दिल्या, रडला, आणि संध्याकाळी तपासणीत मांडीचा स्नायू निम्मा उसवलेला निघाला.

अशा स्पर्धेत चिंचबन तालमीनं सहा सामने खेळले आणि सहा सामन्यांत अकरांपैकी एकाचीही पट्टी पिवळीसुद्धा झाली नाही.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका पत्रकारानं आकडे मांडले आणि जगभर चर्चा सुरू झाली. ही माणसं खातात काय, असं विचारणारे लोक हॉटेलात येऊ लागले. मधल्या फळीतल्या एकानं तांबड्या रश्श्याचं नाव सांगितलं, तर दोन दिवसांत ताश्कंदच्या एका उपाहारगृहात कोल्हापुरी रस्सा नावाचं काहीतरी गोड सार मिळू लागलं. कोल्हापुरात चौकाचौकात फलक लागले, 'लोखंडी पाय, चिंचबन काय'. पायांची मालिश बघणाऱ्या हिंदुराव वस्तादांची छाती भरून यायची. सामन्याआधी ते अकरा जोड पायांना डब्यातली चिमूट चिमूट माती तेलात कालवून चोळत, तशी ते गेली तीस वर्षं चोळत आले होते. पंच येऊन पाय स्पिरिटनं पुसत आणि वर पट्टी लावत.

फक्त एक गोष्ट बदलली होती. पूर्वी हिंदुराव पायावरून हात फिरवून सांगायचे, याला आज बसवा, त्याला पुढच्या रविवारी खेळवा. त्यांच्या शब्दावर संघ निवडला जायचा. आता कुणी विचारलं, वस्ताद, पाय कसा वाटतो, तर ते म्हणत, "पट्टी काय म्हणती?"

कारण वैजयंता. सव्वा वर्षापूर्वी ती म्हणाली होती की डाव्या पाठीत कळ येतीया. हिंदुरावांनी हात लावून बघितला आणि सांगितलं, गाठ धरलीया, दोन दिवसांत सुटंल. दोन दिवस त्यांनी तेल लावून पाठ चोळली. तिसऱ्या दिवशी ती अंगणात माती चाळता चाळता पडली. गाठ नव्हती. हृदय होतं. हजारभर पैलवानांच्या अंगातली कळ ओळखणाऱ्या हाताला घरातली ओळखता आली नाही. त्या दिवसापासून त्यांचा हातावरचा भरवसा उडाला.

अंतिम सामना दुपारी चारला होता. समोर सेनेगलच्या एका बंदरावरचा मच्छीमारांचा क्लब. त्यांच्या नावाचा अर्थ 'जाळेवाले' असा होता, आणि त्यांचा बचाव खरोखर जाळ्यासारखा होता. तो फाडू शकेल असा चिंचबनकडं एकच गडी होता, मल्हार इंगवले. वय तेवीस. चेंडू पायात आला की जागच्या जागी असा फिरायचा, की पेठेत त्याचं नाव भिंगरी पडलं होतं. सहा सामन्यांत सात गोल त्याचे.

सकाळी दहाला मल्हार मालिशीच्या टेबलावर पालथा पडला होता. संघाकडं सरावाला दिलेली पट्टी आधीच लावून झाली होती, सवयीप्रमाणं हिरवी. हिंदुरावांनी डाव्या टाचेमागच्या घोडशिरेवर अंगठा ठेवला, मल्हारला पाऊल वरखाली करायला सांगितलं, आणि त्यांचा अंगठा थांबला. शिरेखाली काहीतरी करकरत होतं. ओल्या वाळूवर चप्पल घासावी तसं.

"दुखतंय?"

"थोडं आखडलंय. रोजचंच."

हिंदुरावांनी पट्टीकडं बघितलं. हिरवी. त्यांनी अंगठा काढून घेतला. हात खोटं बोलतोय, त्यांनी मनाला सांगितलं. हा हात चुकणारा आहे.

मल्हार उठून बसला. त्याला मस्करी सुचली. त्यानं आपल्या पायाची पट्टी सोडवली आणि वस्तादांच्या तळहाताला गुंडाळली. पट्टी क्षणभर विचारात पडली आणि हिरवीगार झाली.

"आयला वस्ताद, तुमाला उतरवूया आज. तेविशीतला हात हाय तुमचा."

हिंदुरावही हसले. हसता हसता त्यांनी पट्टी काढली आणि गमतीनं आपल्या उघड्या पोटरीला लावली. तिथं ती पिवळी झाली. त्रेसष्ट वर्षांच्या, आठ तास उभं राहणाऱ्या माणसाच्या पोटरीला पिवळी व्हायलाच हवी होती. त्यांनी पुन्हा तळहाताला लावली. हिरवी. पोटरीला. पिवळी.

त्यांचं हसणं थांबलं. एकाच माणसाच्या अंगात दोन वयं कशी असतील?

त्यांनी आपले तळहात खिडकीच्या उजेडात धरले. रेघारेघांत, नखांच्या कडांना तांबडा रंग होता. साबणानं कितीही धुतले तरी तीस वर्षांत तो गेला नव्हता. पोटरीला त्यांनी कधी माती लावली नव्हती. वस्ताद स्वतःची मालिश करत नाही.

त्यांनी शर्वरीताईंना बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, मातीला तांबडा रंग कशानं येतो?

शर्वरीताई उत्तर द्यायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी हिंदुरावांच्या हाताकडं, मग मल्हारच्या पायाकडं बघितलं. "लोखंडानं," त्या हळू म्हणाल्या. मग त्या टेबलावर टेकल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं सांगत गेल्या. मातीतलं गंजलेलं लोखंड नेमका तोच प्रकाश शोषतं जो ताजं रक्त शोषतं. तेलात कालवलेली बारीक माती वर्षानुवर्षं कातडीच्या छिद्रांत बसलेली. पट्टीला ती माती दिसत नव्हती, ताजं रक्त दिसत होतं. थकलेला पाय असो की फाटत आलेला, चिंचबनच्या पायावर ती नेहमी हिरवीच राहणार होती.

"पण पंच स्पिरिटनं पुसतात की," मल्हार म्हणाला.

 हिंदुरावांना अंगणातली पाण्याची दगडी डोणी आठवली. सणावाराला जेवायला बसण्याआधी वैजयंता त्यांचे हात धरून बसायची. तिळाचं तेल, त्यात डाळीचं पीठ, आणि नखांच्या कडांपर्यंत चोळायची. ते म्हणायचे, साबणानं धुतलेत की. ती म्हणायची, तेलाची माती तेलानंच निघती, पाण्याचं काम न्हाई ते. तालमीच्या आत, हौद्याकडं, बाईनं पाऊल टाकायचं नाही असा जुना नियम. त्यामुळं ती तीस वर्षं घरच्या अंगणात माती चाळून, कालवून, पाटी तालमीच्या उंबऱ्यापर्यंत आणून द्यायची आणि तिथूनच परत फिरायची.

हिंदुरावांनी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून हरभऱ्याच्या डाळीचं पीठ मागवलं. तेल त्यांच्याजवळ होतं. मल्हारचा डावा पाय मांडीवर घेऊन त्यांनी पाव तास चोळला. पिठाचे तांबडे वळ खाली पडत राहिले. मग कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, त्यांनी पट्टी लावली.

पट्टी लाल झाली.

 खाली रस्त्यावर कोल्हापुरातून आलेले पाठीराखे ताशा वाजवत चालले होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

मल्हार आधी बोलला. आवाज शांत होता. "कुणी बघितलं न्हाई. परत माती लावा."

शर्वरीताई म्हणाल्या की हे कळवलं तर सहाही सामन्यांवर प्रश्न येईल. कातडीवर काही लावून पट्टी फसवणं म्हणजे हकालपट्टी, असा नियम आहे. मुद्दाम केलं नाही हे कोण मानणार? गावी काय तोंड दाखवणार? त्या कुणाला विचारत नव्हत्या, मोजून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वस्ताद, पाय तुमच्या ताब्यात आहेत. तुम्ही सांगाल ते मी करीन."

"कळवायचं," हिंदुराव म्हणाले.

मल्हार टेबलावरून उतरला.  "वस्ताद, काकूंच्या वेळी तुमच्या हाताला कळलं न्हाई, म्हणून तुमी आता सगळ्यांच्या पायाला भिताय. त्याची भरपाई माझ्याकडनं का घेताय?"

शर्वरीताईंनी मान खाली घातली. हिंदुराव मल्हारकडं बघत राहिले. हे वाक्य सव्वा वर्ष ते स्वतःला ऐकवत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते तेवढं मोठं वाटलं नाही.

"व्हय, तवा न्हाई कळलं," ते म्हणाले. "आता कळलंय. आता गप बसलो तर काय म्हणू स्वतःला?"

मल्हार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.  मग त्यानं दुसरा, उजवा पाय टेबलावर ठेवला. "हा बी धुवा," तो म्हणाला. "एकाच पायानं कसा जाऊ त्यांच्या फुडं?"

स्पर्धेच्या वैद्यकीय प्रमुख डॉ. निगोरा नावाच्या ताश्कंदच्याच एक बाई होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हिंदुरावांचं म्हणणं कानातल्या यंत्रातून ऐकलं. यंत्र पुण्याच्या मराठीत बोलायचं, त्यामुळं उलट त्यांचं बोलणं हिंदुरावांना एखाद्या बँकेच्या मॅनेजरसारखं वाटायचं. त्यांनी डबा मागितला, माती काचपट्टीवर घेतली, पट्टी लावून बघितली. मग त्यांनी चिंचबनच्या सगळ्यांना बोलावलं.

एका लांब न्हाणीघरात अकराजण बाकावर पाय पुढं करून बसले. हिंदुराव एका टोकाला बसले आणि एकेक पाय मांडीवर घेत गेले. तेल, पीठ, पाणी. पाणी मोरीतून तांबडं वाहत होतं. ती माती वैजयंतानं चाळली होती, आणि ताश्कंदच्या गटारात चालली होती. हिंदुराव तिकडं बघत नव्हते, पायाकडं बघत होते. अर्ध्यावर आल्यावर बचावपटूंपैकी एकजण उठून त्यांच्या शेजारी बसला आणि धुऊ लागला. मग आणखी एक.

पट्ट्या लावल्या. दोघांची पिवळी झाली. मल्हारची लाल. बाकी आठ हिरव्या.

डॉ. निगोरांनी त्या आठ पट्ट्या दोनदा तपासल्या. मग यंत्रातून त्यांचा आवाज आला. "या आठांचे पाय खरोखरच असे आहेत. मला वाटलं होतं सगळीच माती असेल."

"तालमीत जोर मारल्याली पोरं हाईत," हिंदुराव म्हणाले. "माती नुसती वरनं हाय."

नियम समितीची बैठक तासभर चालली. चिंचबननं स्वतः येऊन सांगितलं, हरायची भीती असताना सांगितलं, म्हणून हकालपट्टी झाली नाही. अंतिम सामना ठरल्यावेळी होणार होता. मल्हारशिवाय.

'जाळेवाल्यां'ना बातमी कळली. सामन्याआधी त्यांचा मालिशवाला, केस पिकलेला एक उंच माणूस, बोगद्यात हिंदुरावांजवळ आला. आपल्या संघाच्या पायाला ते माशाचं तेल लावतात, असं त्यानं सांगितलं, आणि आपलेही पाय तसेच धुऊन द्याल का, असं विचारलं. हिंदुरावांनी त्याला पीठ कसं कालवायचं ते दाखवलं. माशाच्या तेलानं पट्टी फसत नव्हती, हे नंतर कळलं. पण त्या दिवशी त्यांनीही पाय धुतले. समोरच्यानं धुतल्यावर आपण कसं मागं राहायचं, एवढंच त्यामागं होतं. ही ईर्षा हिंदुरावांना ओळखीची वाटली.

सामना चिंचबन हरली. दोन तास खेळ एक-एक राहिला आणि पेनल्टीत हरली. मल्हारच्या जागी खेळलेल्या गड्यानं शेवटची पेनल्टी खांबाला मारली. तो मैदानावर बसून राहिला, तेव्हा बाहेरच्या बाकावरून लंगडत पहिला मल्हार गेला. त्याला उठवलं आणि काखेत धरून प्रेक्षकांपुढं फिरवलं. चिंचबनचे पाठीराखे ताशा वाजवत होते, आणि थोड्या वेळानं सेनेगलच्या लोकांनी त्यांचे ढोल त्यात मिसळले.

दुसऱ्या दिवशी तपासणीत मल्हारची घोडशीर निम्म्याहून जास्त फाटलेली निघाली. आणखी एक जोराची गिरकी, आणि तो पुन्हा कधी भिंगरी झाला नसता. त्यानं तो अहवाल वाचला, घडी घातली आणि हिंदुरावांच्या पायाला हात लावला. 

निघताना डॉ. निगोरांनी हिंदुरावांना बोलावलं. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक सामन्याआधी तेल आणि पिठानं पाय धुणं हा नियम होणार होता. "शास्त्रात अशी रीत आहे," त्या म्हणाल्या, "की ज्यानं शोध लावला त्याचं नाव त्या कृतीला द्यायचं. तुमचं नाव लिहून द्या."

हिंदुरावांनी कागद घेतला.  मग एकच शब्द लिहिला आणि कागद परत दिला.

कोल्हापुरात मिरवणूक निघाली. हरलेल्या संघाची एवढी मोठी मिरवणूक त्या शहरानं पाहिली नव्हती. खालच्या पेठेच्या तालमीनं रंकाळ्यावर कमान उभारली होती आणि वर लिहिलं होतं, 'हरलात तरी या'.

पुढच्या वर्षी स्पर्धेचा पहिला सामना होता तेव्हा चिंचबनचा संघ अजून निघायचा होता. संध्याकाळी सगळे तालमीत जमले होते. भिंतीवरच्या पडद्यावर पेरूचा एक क्लब आणि पोर्तुगालचा एक क्लब, कुणाच्या घेण्यादेण्यातले नसलेले दोन संघ, एकमेकांकडं तोंडं करून उभे होते. शर्वरीताई उंबऱ्याबाहेरच्या कट्ट्यावर होत्या. मल्हार खाली बसून बुटांना नाड्या घालत होता. त्याचा पाय आता बरा होता. हिंदुराव हौद्यात उतरून माती परतत होते. यंदाची माती त्यांनी पहिल्यांदा स्वतः चाळली होती. तुपाच्या डब्यात तळाशी उरलेली ओंजळभर माती त्यांनी सकाळीच त्यात मिसळली होती.

पडद्यावर पंच खेळाडूंजवळून चालत गेला. एका हातात पाय धुतल्याची यादी होती. प्रत्येक संघाचा वैद्य पुढं येऊन त्याला काहीतरी सांगत होता, आणि पंच खूण करत होता. आवाज मोठा केला तेव्हा ऐकू आलं. आधी पेरूचा माणूस म्हणाला, मग पोर्तुगालचा, आपापल्या जिभेनं वाकडं करून, पण नीट ऐकू येईल असं.

"वैजयंता. पूर्ण."

"वैजयंता. पूर्ण."

 मल्हारच्या हातातली नाडी तशीच राहिली. कट्ट्यावरचा एक म्हातारा पैलवान, जो तीस वर्षं तिच्या हातून उंबऱ्यावर पाटी घेत आला होता, तो हळूच म्हणाला, "आत आली की रं वहिनी."

हिंदुरावांनी मान वर केली नाही. फावडं मातीत रोवलं, खाली बसले आणि दोन्ही तळहात तांबड्या मातीवर पालथे ठेवले. माती अजून ओली होती, आणि नीट मुरली होती.